आधी बसाय पायजे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या पौर्णिमेला आपल्या बेळगावच्या सत्संगातले आम्ही पाच जण गाडीने नृसिंहवाडीला निघालो होतो. वाटेत जे घडलं ते सांगितल्याशिवाय या गुरुवारचं चिंतन लिहायला हात धजेना. म्हणून आधी घडलेलं सांगतो, मग त्यातून काय उमगलं ते. यात आमची बाजू काही फारशी चांगली नाही, हे आधीच कबूल करतो.

गाडी आमच्यातल्या एका काकांची. चालवत होता आपल्या सत्संगातला एक तरुण सेवेकरी. सहा-सात महिन्यांपासून येतो, सतरंज्या घालतो, प्रसादाची भांडी घासतो, बोलतो कमी. पहाटे निघालो. गाडीत नामस्मरण चाललं होतं. दुपारच्या महापूजेला वाडीत पोचायचं, असा बेत होता. संकेश्वर मागे पडलं आणि तवंदी घाटाच्या अलीकडे डावीकडचं पुढचं चाक एका टोकदार दगडावर आपटलं. टायर फाटला.

साधा खिळा लागला असता तर ट्यूबलेस टायरचं पंक्चर चाक न काढता जागेवरच निघालं असतं. पण हा टायर बाजूला, भिंतीला फाटला होता. चाक उतरवून स्टेपनी लावण्यावाचून इलाज नव्हता. या गाडीच्या प्रत्येक चाकाला चार नट. तीन साधे, चौथा लॉकचा. अलॉयची चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून हा चौथा. त्याच्या तोंडावर वेडीवाकडी नक्षी असते आणि त्या नक्षीला जुळणारी अंगठ्याएवढी किल्ली गाडीबरोबर मिळते. ती नटावर बसवायची, मागून नेहमीचा पाना लावायचा आणि फिरवायचं. दुसऱ्या कुठल्या पान्याने तो नट निघत नाही.

तीन नट सैल झाले. चौथ्यावर किल्ली लावली, पाना लावला, जोर दिला. कट् असा आवाज आला. किल्लीचे दात तुटले. एक तुकडा नटाच्या खाचेतच अडकून राहिला.

आम्ही सगळे बघतच राहिलो. तेव्हा तो पोरगा खाली मान घालून म्हणाला, "काका, तिला आधीच तडा गेला होता. मागच्या महिन्यात टायर बदलायला दिले ना, तिथे त्यांनी हवेच्या गननेच नट काढले आणि गननेच आवळले. मला तडा दिसला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो गप्प.

आणि मग आमचं सुरू झालं. एक जण बोलला, दुसऱ्याने री ओढली. "एवढी साधी जबाबदारी कळत नाही?" "सेवा सेवा म्हणतोस आणि लपवतोस?" "तुझ्यामुळे महापूजा चुकली!" अर्ध्या तासापूर्वी ज्या तोंडाने महाराजांचं नाव घेत होतो, त्याच तोंडाने हे बोललो. आमच्यातल्या एकानेही दुसऱ्याला थांबवलं नाही, म्हणून हे सगळ्यांचंच बोलणं धरा.

शेवटी तो एवढंच म्हणाला, "सांगणार होतो काका. पण आरशाला ओरखडा गेला तेव्हा सांगितलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. म्हणून या वेळी धीर झाला नाही." आणि तो पुढे जाऊन मैलाच्या दगडावर बसला, आमच्याकडे पाठ करून.

गुरुबंधूंनो, किल्लीचा तडा त्या मुलाने डिक्कीत लपवला हे खरं. पण लपवायला त्याला शिकवलं कुणी?

तासाभराने निपाणीकडून एक मेकॅनिक मोटारसायकलवर आला. तोवर आमचे काका पान्यावर पाय देऊन उभे राहण्याच्या बेतात होते. तो लांबूनच ओरडला, "मालक, थांबा! जोर लावून न्हाई निघायचं हे. आधी बसाय पायजे."

त्याने काय केलं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हँडब्रेक ओढलेला आहे ना, मागच्या चाकाला दगड लावलाय ना, ते आधी पाहिलं. जॅक लावायची घाई केली नाही. म्हणाला, चाक जमिनीवर टेकलेलंच पाहिजे, नाहीतर नटाऐवजी चाकच फिरतं. मग टोकदार दाभणाने खाचेत अडकलेला किल्लीचा तुकडा उकरून काढला. ब्रशने नटावरची माती साफ केली, आट्यांवर तेल सोडलं आणि बिडी ओढायला बसला. आम्हाला वाटलं, हा वेळ घालवतोय. पण तेल आत उतरायला वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होतं.

मग पेटीतून एक जुना बारा कोनांचा सॉकेट काढला. नटापेक्षा तो किंचित लहान होता. आम्हाला मागे सरकायला लावलं, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि हातोडीने सॉकेट सरळ, बेताने ठोकत नटावर घट्ट बसवला. चाकाच्या अलॉयला एकदाही धक्का लागू दिला नाही. दांड्याला लांब पाईप जोडला आणि हिसका न देता सावकाश, एकसारखा ओढत राहिला. थोड्या वेळाने टक् झालं आणि नट सैल झाला.

त्याच आट्यांचा साधा नट त्याच्या पेटीत निघाला. स्टेपनी बसवली, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले आणि जाताना बजावलं, "पन्नास-शंभर किलोमीटर झालं की परत एकदा आवळून बघा." पैसे घेतले ते वाजवीच.

महापूजा चुकली. वाडीत पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर हातपाय धुतले, पादुकांचं दर्शन घेतलं आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. तो मुलगा वेगळा बसला होता. तिथे आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या वहिनींनी श्रीगुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायाची आठवण काढली. ती कथा याच परिसरातली. गरीब ब्राह्मणाच्या घरात धान्याचा कण नव्हता. दारच्या घेवड्याच्या शेंगांवर त्यांचा दिवस निघायचा. श्रीगुरू भिक्षेला आले, त्या शेंगांची भाजी प्रेमाने जेवले आणि जाताना तो वेल मुळापासून तोडून टाकला. बायको आक्रोश करू लागली, बोल लावू लागली. नवऱ्याने तिला समजावलं, दोष देऊ नकोस म्हणाला. मग त्याने वेलाचं मूळ खणून काढायला घेतलं, तर खाली धनाने भरलेला कुंभ लागला.

आपण ही कथा ऐकतो आणि कुंभाजवळ येऊन थांबतो. वहिनी म्हणाल्या, "कुंभ नंतर सापडला. नवरा शांत राहिला तो आधी. खाली काय आहे हे त्याला कुठे माहीत होतं?" आम्ही सगळेच गप्प झालो. आमची किल्ली तुटली तेव्हा आमच्यात त्या नवऱ्यासारखं कुणीच नव्हतं.

आम्हाला काही हंडा मिळाला नाही. टायरचे पैसे गेले ते गेलेच. पण त्या तुटलेल्या किल्लीखाली आमचं स्वतःचं एक मूळ उघडं पडलं, आणि ते पाहणं सोपं नव्हतं.

माणसाचं मन त्या चौथ्या नटासारखं असतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी. त्याला जुळणारी किल्ली लहान असते, नाजूक असते. एखादा मऊ शब्द असतो, नुसतं ऐकून घेणं असतं. आपण तिथे गन लावतो. मुलाला, सुनेला, हाताखालच्या माणसाला एका दमात वठणीवर आणायला जातो. पहिल्यांदा ते जमल्यासारखं वाटतं. नट निघतो, काम होतं. पण किल्लीला तडा गेलेला असतो. पुढच्या वेळी, ऐन गरजेच्या वेळी, आडरस्त्यावर ती तुटते. मग आपण विचारतो, "मला आधी का सांगितलं नाहीस?"

नामाचंही तसंच. सद्गुरूंनी प्रत्येकाच्या हाती एक किल्ली दिली आहे. आपण ती वर्षभर डिक्कीत टाकून ठेवतो आणि संकट आलं की एकदम जोर लावतो. एका रात्रीत इतक्या माळा, इतकी पारायणं! मेकॅनिकचं वाक्य इथेही लागू पडतं: आधी बसाय पायजे. खाचेतली माती काढावी लागते, तेल मुरू द्यावं लागतं. रोज थोडं, पण न चुकता. नाम मनात नीट बसलं की फार जोर लागत नाही.

आणि लॉक बसवला होता तो चोरासाठी. चोर आलाच नाही, अडकलो आपणच. वडीलकीचा मान, धाक, "माझ्यापुढे कुणी बोलता कामा नये" ही कुलपंही आपण अशीच कुठल्याशा भीतीने लावलेली असतात. घरात खरं बोलणारं माणूस त्यामुळेच बाहेर राहतं.

परत आल्यावर दोन गुरुवार तो मुलगा सत्संगाला आला नाही. आम्ही चौघे त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईसमोर काकांनी हात जोडले, "चुकलं आमचं." त्याने चहा केला, फार काही बोलला नाही. मग आत जाऊन एक पुडी घेऊन आला. गाडीच्या पुस्तकात ठेवलेल्या कार्डावरचा नंबर देऊन त्यानेच नवी किल्ली मागवली होती, स्वतःच्या पैशांनी. ती काकांच्या हातावर ठेवून म्हणाला, "ही तुमच्याकडेच ठेवा." काकांनी ती परत त्याच्या मुठीत दिली. "पैसे घे, पण किल्ली तुझ्याकडेच राहू दे. काही झालं तर आधी मला सांगशील एवढंच बघ. मी ऐकेन." तो हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. येत्या गुरुवारी त्याची जागा रिकामी ठेवणार आहोत.

ज्यांच्या गाडीला असे लॉक नट आहेत त्यांनी उद्याच किल्ली कुठे आहे ते पाहावं, तडा आहे का ते तपासावं आणि कार्डावरचा नंबर घरी वहीत लिहून ठेवावा. टायरच्या दुकानात गेलात तर लॉकच्या नटाला हातानेच पाना लावा म्हणून उभं राहून सांगावं.

आणि या आठवड्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून एक संकल्प करूया. घरातल्या किंवा कामावरच्या एका माणसाला, जे आपल्याला सांगायला घाबरतं त्याला, जवळ बसवून विचारायचं, "माझ्यापासून काही लपवावं लागलंय का तुला?" आणि उत्तर काहीही आलं तरी त्या दिवशी आपण आवाज चढवायचा नाही. हे जमलं तर महाराजांच्या चरणी तीच आपली महापूजा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥