पाळत की सोबत?



मागे आपल्या पॅरिशमधील एक गृहस्थ मला भेटायला आले. त्यांच्या परवानगीने हे लिहितो. त्यांची आई परगावच्या एका वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळून आहे. मागच्या भेटीत तिच्या दंडावर काळेनिळे वळ दिसले. विचारले तर ती गप्प. "फादर, तिच्या खोलीत गुपचूप कॅमेरा बसवू का?"

मला लगेच उत्तर देता आले नाही.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने यावर २००१ साली कायदा केला. तेथे रहिवाशाच्या इच्छेने खोलीत कॅमेरा लावता येतो. मात्र खोलीतल्या सोबत्याचीही संमती लागते आणि दारावर सूचना लावावी लागते. आपल्याकडे आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. मुलांकडून निर्वाह मिळण्याची आणि वृद्धाश्रमांची तरतूद त्यात आहे. खोलीतल्या कॅमेऱ्याबद्दल अवाक्षर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच न्यायालयाने २०२० साली पोलीस ठाण्यांत सर्वत्र कॅमेरे लावायला सांगितले, पण शौचालयाच्या बाहेर, आत नाही.

मला या दोन निकालांत विरोध दिसत नाही. जिथे एक माणूस पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती असतो, तिथे साक्षीदार हवाच. वृद्धाश्रमातली खाटही तशीच जागा आहे. "खासगीपणा" म्हणून दार लावून घेतले, तर त्याचा फायदा मारणाऱ्यालाच होतो.

पण म्हातारपणी माणसाचे एकेक जात राहते. घर जाते, चालणे जाते. शेवटी लाज तेवढी उरते. अंथरूण ओले झाले, कोणी अंग पुसते आहे, त्या वेळी मुलगा मोबाइलवर पाहतो आहे हे आईला कळले तर? जिवाच्या रक्षणासाठी आपण तिचा मानच काढून घेतला, असे होईल. शिवाय तिचे अंग पुसणारी मुलगी आपल्याच एखाद्या गावची असते. रात्रपाळीला एकटी, अनेक खाटा सांभाळणारी. तिलाही आपल्यावर नजर आहे हे आधी कळले पाहिजे.

म्हणून मी त्यांना एवढेच विचारले, "आईला विचारलेत का?" त्यांनी मान खाली घातली.

चूक कॅमेऱ्यात नव्हती, "गुपचूप" या शब्दात होती. आईचे भान हरपले असेल, तर भानावर असताना तिने काय मान्य केले असते, हे मुलाने प्रामाणिकपणे ठरवावे. त्यात स्वतःच्या मनाची सोय पाहू नये. आणि वळ दिसल्यावर कॅमेऱ्याची वाट पाहायची नसते. डॉक्टरांना दाखवावे, लेखी तक्रार करावी, ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनला फोन करावा.

ते गेले, आईजवळ एकटे बसले. ती म्हणाली, "लाव, पण अंग पुसताना बंद ठेवायला सांग." वळ कशाचे, ते तिने अजून सांगितलेले नाही. तक्रारीची चौकशी चालू आहे. ते आता दर पंधरवड्याला जातात.

अहेरी परिसरात मुले मिरची तोडायला तेलंगणात गेली की कितीतरी म्हातारी माणसे घरी एकटी राहतात. तिथे ना वृद्धाश्रम, ना कॅमेरा. तिथला साक्षीदार शेजारीच. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी सिस्टरांकडे आहे. आज मिस्सानंतर त्यातले एक घर आपले म्हणून घ्या.

आपला,
फादर