गुन्हेगार सोडून



२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. तिसरी पाळी. मधल्या सुट्टीत आम्ही रिंग खात्यातले सातआठ जण कॅन्टीनच्या बाकड्यावर चहा घेत बसलो होतो. एकाच्या मोबाईलवर व्हिडिओ चालू होता. विमानातून माणसं उतरवतायत. हातापायांत बेड्या. माना दाबून कंबरेत वाकवलेली. त्यांना तसंच पळवत नेतात, गुडघ्यावर बसवतात आणि डोकी भादरतात. अमेरिकेनं व्हेनेझुएलाच्या दोनशेच्या वर माणसांना एल साल्वादोर नावाच्या तिसऱ्याच देशातल्या तुरुंगात टाकलं होतं. टोळीवाले गुंड आहेत म्हणे.

आमच्यातले एक जुने कामगार आहेत, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. ते म्हणाले, "बरं केलं. अशीच जिरवायला पायजे."

मी म्हणालो, "पण भाऊ, त्यांना कोर्टात उभंच केलं नाय."

"अरे, गुन्हेगाराला कसले आलेत हक्क? तुझ्या घरात चोर शिरू दे, मग कळंल."

सगळे हसले. मीपण हसलो. परत मशीनवर गेलो, तुटलेलं सूत सांधत राहिलो. पण भाऊंचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. आपल्यातले पुष्कळ लोक हेच विचारतात. त्यांना शिव्या देऊन भागत नाही, उत्तर द्यावं लागतं. मला जमेल तसं देतो.

आधी त्या विमानातल्या माणसांचं बघू. त्यांतल्या बऱ्याच जणांना घालवायला सरकारनं १७९८ सालचा, युद्धाच्या वेळचा कायदा बाहेर काढला. हे सगळे गुन्हेगार असं सरकार म्हणत होतं. पण सरकारच्याच एका अधिकाऱ्यानं कोर्टात लिहून दिलं की यांतल्या पुष्कळांच्या नावावर अमेरिकेत गुन्हाच नाही. आणि पुढं असंही लिहिलं की त्यांची फारशी माहिती मिळत नाही, यातूनच ते किती धोक्याचे आहेत ते दिसतं. बघा म्हंजे! गुन्हा सापडला तर तू गुन्हेगार, नाही सापडला तर जास्तच गुन्हेगार. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असं कुणाला घालवायचं तर आधी नोटीस द्या, न्यायाधीशापुढं जायची संधी द्या. तोवर ही माणसं त्या तुरुंगात पडलेलीच होती.

म्हणून भाऊंच्या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो. गुन्हेगार म्हणजे कोण, हे कुणी ठरवायचं आणि कधी? कोर्ट, वकील, नोटीस, गप्प बसायचा अधिकार हे सगळे हक्क ते ठरवण्यासाठीच असतात. गुन्हेगाराला हे हक्क नाहीत असं म्हटलं तर ठरवायच्या आधीच ठरवून झालं. मग निरपराध माणसाचाही हक्क गेला, कारण पकडला त्या दिवशी दोघंही सारखेच दिसतात.

पण एवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. समजा, माणूस खरोखरच गुन्हेगार आहे. मग?

इथं मला अमेरिकेतलीच एक जुनी गोष्ट सांगायची आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं. हे आपल्याला ठाऊक आहे, आणि जोतीरावांचं मन केवढं मोठं होतं तेही. पण ज्या दुरुस्तीनं ती गुलामगिरी गेली ती मी वाचली तेव्हा चरकलो. १८६५ सालची तेरावी घटनादुरुस्ती. तीत म्हटलं आहे की या देशात गुलामगिरी राहणार नाही, सक्तीची चाकरी राहणार नाही; रीतसर शाबीत झालेल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर मात्र चालेल.

म्हणजे सगळे मोकळे, गुन्हेगार सोडून.

दाराला एवढीशीच फट ठेवली होती. दक्षिणेतल्या मळेवाल्यांना तेवढी पुरली. त्याच वर्षाअखेर मिसिसिपी राज्यानं कायदे केले. काळ्या माणसानं दर जानेवारीत आपल्याला काम असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. नसेल तर तो भटक्या, म्हणजे गुन्हेगार. त्याला दंड. दंड भरायला पैसे नाहीत? मग जो कोणी त्याचा दंड भरेल त्याच्याकडं त्यानं राबायचं. पुढं राज्यं कैदीच भाड्यानं द्यायला लागली. रेल्वेच्या कंत्राटदाराला, मळ्याला, कोळशाच्या खाणीला. गुलाम निदान मालकानं पैसे मोजून घेतलेला असे, म्हणून मालक त्याला मरू देताना विचार करी. भाड्याचा कैदी मेला तर सरकारकडून दुसरा मिळे. अलाबामा राज्यानं हा धंदा १९२८ साली बंद केला. १८६५ नंतर त्रेसष्ट वर्षांनी!

१८७१ साली व्हर्जिनियाच्या कोर्टानं निकालात सरळच लिहिलं की कैदी हा शिक्षा असेतोवर राज्याचा गुलाम असतो. आणि याच १८७१ साली इंग्रजांनी आपल्याकडं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तिथं गुन्हा करून गुलाम व्हायचं, इथं जन्माला येऊनच गुन्हेगार व्हायचं. तो कायदा आधी उत्तरेत लागू झाला, मग आपल्याकडं आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती. तिथली माणसं गिरणीत राबायची आणि हजेरी द्यायला परत कुंपणात जायची. कायदा १९५२ साली गेला. 'सेटलमेंट' हे नाव त्या भागाला अजून आहे. दोन देश, दोन कायदे, पण युक्ती एकच. माणसाला उघडपणे गुलाम म्हणायची लाज वाटायला लागली की त्याला गुन्हेगार म्हणायचं. मग लाज वाटत नाही.

आता खऱ्याखुऱ्या गुन्हेगाराकडं येऊ. सप्टेंबर १९७१, न्यूयॉर्क राज्यातला ॲटिका तुरुंग. तेराशेच्या आसपास कैद्यांनी पहारेकऱ्यांना ओलीस धरून तुरुंगाचा एक भाग ताब्यात घेतला. कैदी निम्म्याहून जास्त काळे होते. त्यांत चोर होते, दरोडेखोर होते, खुनीही होते. मागत काय होते? आठवड्याला एकदाच आंघोळ मिळे आणि महिन्याला कागदाचा एक गुंडाळा, ते बदला म्हणत होते. कामाला कायद्यानं ठरलेली मजुरी द्या, डॉक्टर नीट द्या, धर्म पाळू द्या. पाचव्या दिवशी, १३ तारखेला, गव्हर्नर रॉकफेलरच्या हुकमानं पोलीस गोळ्या झाडत आत घुसले. त्या सकाळच्या गोळीबारात ३९ माणसं मेली, २९ कैदी आणि १० ओलीस. सरकारी लोकांनी सांगितलं, ओलिसांचे गळे कैद्यांनी कापले. प्रेतं तपासली तेव्हा निघालं की सगळे ओलीस गोळ्यांनी मेले, आणि बंदुका एकाच बाजूला होत्या, सरकारच्या.

न्यायाधीशानं त्या कैद्यांना वर्षं दिली होती. पाच वर्षं, दहा वर्षं, जन्मठेप. महिनाभर कागदाच्या एका गुंडाळ्यात भागव, अशी शिक्षा कुठल्या न्यायाधीशानं दिली होती? ती त्या फटीतून आली. माझं म्हणणं असं की शिक्षा मोजलेली असते. कोर्टानं जेवढं काढून घेतलं तेवढंच गेलं. बाकीचा माणूस शिल्लक असतो आणि त्या शिल्लक माणसाचे हक्कही शिल्लक असतात. ते कुणी बक्षीस म्हणून दिलेले नसतात, मग वागणूक वाईट निघाली म्हणून परत कसे घेणार?

अर्नेस्टो मिरांडाचं बघा. फिनिक्स शहरातला गरीब मेक्सिकन वंशाचा माणूस, अत्याचाराच्या गुन्ह्यात धरलेला. पोलिसांनी दोन तास खोलीत बसवून त्याच्याकडून कबुली लिहून घेतली. तुला गप्प बसता येतं, वकील मागता येतो, हे त्याला सांगितलं नाही. १९६६ साली सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी ती कबुली बाद केली. तेव्हापासून अमेरिकेत पोलीस चौकशीच्या आधी हक्क वाचून दाखवतात. मिरांडा निरपराध होता काय? नव्हता. १९६७ साली ती कबुली बाजूला ठेवून त्याच्यावर पुन्हा खटला चालला आणि तो पुन्हा दोषी ठरला. म्हणजे आज तिथल्या लाखो निरपराध माणसांना पोलीस चौकीत जो हक्क मिळतो, तो एका गुन्हेगाराच्या नावानं मिळतो. १९७६ साली मिरांडाचा दारूच्या गुत्त्यात भोसकून खून झाला. त्या प्रकरणात धरलेल्या संशयितालाही पोलिसांनी तेच हक्क वाचून दाखवले.

इथं भाऊ म्हणतील, "आणि ज्या बाईवर गुदरलं तिचं काय?" प्रश्न खरा आहे आणि आपल्या बाजूचे लोक तो टाळतात. गुन्ह्याचा मार आधी गरिबालाच बसतो. बंगल्याला वॉचमन असतो, झोपडीला कडीपण धड नसते. १९८० नंतर क्रॅक नावाच्या नशेनं अमेरिकेतल्या काळ्या वस्त्या पोखरल्या. १९८६ साली कडक कायदा आला तेव्हा कित्येक काळ्या खासदारांनीही त्याला पाठिंबा दिला. ते फितूर नव्हते, त्यांच्या वस्तीतली पोरं मरत होती. पण कायदा काय निघाला? पाच ग्रॅम क्रॅकला कमीत कमी पाच वर्षं. पांढरी कोकेन पावडर असेल तर तेवढ्याच शिक्षेला पाचशे ग्रॅम. वस्तू मुळात एकच. एक गरिबाच्या गल्लीत विकली जायची, दुसरी पैसेवाल्याच्या पार्टीत. २०१० साली शंभराचा फरक अठरावर आणला, पण पुरता काढला नाही. १९७० च्या सुमारास तिथल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आसपास कैदी होते. २००९ साली सोळा लाखांवर गेले. त्या बाईला आणि त्या वस्तीला न्याय हवा होता. त्यांच्या हातात तुरुंग ठेवले.

आणि फट सगळ्यांना सारखी लागते का? मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीनं डोनाल्ड ट्रम्पला ३४ आरोपांत दोषी ठरवलं. नोव्हेंबरमध्ये त्यानं स्वतः मत टाकलं आणि राष्ट्राध्यक्षही झाला. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं दोष कायम ठेवला, शिक्षा मात्र काहीच दिली नाही. त्याच निवडणुकीत चाळीस लाखांच्या आसपास माणसांना मत नव्हतं, कारण त्यांच्या नावावर गुन्हा होता. मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्यं तुरुंगातल्या कैद्यालाही सरसकट मत देतात. मी असं म्हणत नाही की ट्रम्पचं मत काढून घ्या. त्याचं राहिलं तसं त्या चाळीस लाखांचंही राहू द्या. आपण तरी त्यांना काय बोलावं? आपल्याकडं १९५१ च्या कायद्यानं खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यालाही मत नाही.

त्याच नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांपुढं प्रश्न ठेवला होता की तुरुंगातली सक्तीची मजुरी राज्याच्या घटनेतून काढायची का? लोकांनी नाही म्हटलं. दोन महिन्यांनी लॉस एंजेलिस पेटलं तेव्हा शेकडो कैदी आगीशी लढायला उतरले. त्या कामाला कैदी आपखुशीनं जातात. पण त्यांना तेव्हा दिवसाला मिळायचे साधारण सहा ते दहा डॉलर, आणीबाणीत तासाला एक डॉलर जादा. ज्यांनी नाही म्हणून मत दिलं त्यांच्यातल्या कुणाचं तरी घर एखाद्या कैद्यानं वाचवलं असेल.

त्या मतदारांना शिव्या घालायला मी पेन उचललं होतं. पण मग आमच्या वस्तीतली एक रात्र आठवली. तीन वर्षांपूर्वी आम्ही एक चोर धरला. सतरा-अठरा वर्षांचं पोर. शेजारच्या मावशीचा गॅसचा सिलिंडर उचलून नेत होतं. खांबाला बांधलं. ज्याच्या मनात आलं त्यानं मारलं. मी पाळी करून आलो होतो, दमलेला. मीपण दोन ठेवून दिल्या. तो चोर होता, यात काही शंका नाही, सिलिंडर त्याच्या खांद्यावर होता. मावशीचा सिलिंडर तिला मिळाला. पोराचा पाय मात्र कायमचा अधू झाला. पुढं कधीतरी तो मला बाजारात दिसला. मी रस्ता बदलला.

सिलिंडर चोरायची शिक्षा पाय होती का? कुणी ठरवली? मी कविता लिहितो, माणूस माणूस म्हणतो, आणि त्या रात्री माझ्या हातातही तेच होतं: सगळे माणूस, गुन्हेगार सोडून. अमेरिकेच्या घटनेत ते शाईनं लिहिलं आहे, आमच्या वस्तीत लिहायचीपण गरज पडली नाही.

दुसऱ्या रात्री मी भाऊंना एवढंच म्हणालो, "भाऊ, माझ्या घरात चोर शिरला तर मी त्याला धरीन. पोलिसात देईन. कोर्टानं शिक्षा दिली तर ती त्यानं भोगावी. पण तो माणूस नाय, असं मी म्हणणार नाय. कारण ते एकदा म्हटलं की पुढचा चोर कोण, ते ठरवणारा मी नसतो, तुम्हीपण नसता." भाऊंनी चहा संपवला. म्हणाले, "गेटवर रोज आपली झडती घेतात, तेव्हा मलापण कसंतरीच वाटतं." त्यापुढं काही बोलले नाहीत. भोंगा झाला, आम्ही आत गेलो.

ज्यांनी त्या रात्रीसारखा आपलाही हात उचलला असेल, त्यांनी हे वाचून मला लिहावं. ज्यांच्या घरात खरंच चोरी झाली आहे, त्यांनी तर लिहावंच.