ऐकणाऱ्यांचा हक्क

चॅपेल हिल हे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं विद्यापीठाचं गाव. फ्रँकलिन स्ट्रीट या तिथल्या मुख्य रस्त्याला लागूनच विद्यापीठाचं आवार सुरू होतं. मध्ये फक्त एक बुटकी दगडी भिंत, कुणीही सहज ओलांडावी अशी. २ मार्च १९६६ या दिवशी भिंतीच्या आत, हिरवळीवर विद्यार्थी बसले होते. बाहेर, गावाच्या फुटपाथवर नागरी स्वातंत्र्याचे कार्यकर्ते फ्रँक विल्किन्सन उभे राहून बोलत होते. फुटपाथ गावाचा, हिरवळ सरकारी विद्यापीठाची. आवारात येऊन बोलायला विल्किन्सन यांना बंदी होती. फुटपाथवरून बोलायला नव्हती, आणि भिंतीच्या आत बसून ऐकायला तर मुळीच नव्हती. आठवडाभराने त्याच जागी हर्बर्ट अ‍ॅप्थेकर आले. गुलामांच्या बंडांवर महत्त्वाचं संशोधन केलेला हा इतिहासकार कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. त्यांना ऐकायला आणखी मोठी गर्दी लोटली.

हा कार्यक्रम विद्यार्थ्यांनी विचारपूर्वक आखला होता. १९६३च्या जूनमध्ये राज्याच्या विधिमंडळाने अधिवेशनाच्या अखेरीस घाईघाईत एक कायदा केला होता. कम्युनिस्ट म्हणून ओळखले जाणारे, राज्यघटना उलथवण्याचा पुरस्कार करणारे, किंवा चौकशीत घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन उत्तर नाकारणारे लोक सरकारी विद्यापीठांच्या आवारात बोलू शकणार नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. वर्णद्वेषाविरुद्धच्या आंदोलनांत विद्यार्थी उतरू लागले होते, त्यांना आवर घालणं हाही त्यामागचा हेतू असल्याचं अनेकांचं मत होतं. फटका मात्र भलत्यालाच बसला. थोर जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी तोवर भारताचं नागरिकत्व घेतलं होतं आणि ते भुवनेश्वरला काम करत होते. कम्युनिस्ट आहात का, या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांनी नकार दिला आणि त्यांचं व्याख्यान बारगळलं. जनुकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं त्यात काय भलं झालं, हे कायदा करणाऱ्यांना सांगता आलं नसतं.

पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन निर्णय विद्यापीठाच्या विश्वस्तांकडे आला, तरी बंदी उठली नाही. तेव्हा विद्यार्थी नेत्यांनी हे दोन वक्ते मुद्दाम बोलावले, नकार पदरात पाडून घेतला, भिंतीपाशी सभा भरवली आणि मग ते वक्त्यांसह कोर्टात गेले. फेब्रुवारी १९६८ मध्ये फेडरल न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. तिची भाषाच इतकी मोघम होती, की कुणाला बोलू द्यायचं आणि कुणाला नाही हे तिच्यावरून ठरवता येत नव्हतं.

या प्रकरणाचं वेगळेपण असं, की विल्किन्सन आणि अ‍ॅप्थेकर यांचं बोलणं या बंदीमुळे थांबलेलं नव्हतं. विल्किन्सन यांनी संसदीय समितीपुढे उत्तरं नाकारून तुरुंगवास भोगला होता, तरी ते देशभर बोलत फिरत होते. अ‍ॅप्थेकर यांची पुस्तकं छापून आली होती. बंदीने ज्यांचं खरं नुकसान होत होतं ते हिरवळीवर बसलेले होते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की माईकसमोरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. विद्यापीठांच्या आवारांतला या कल्पनेचा प्रवास पाहिला, तर ती हळूहळू समोर बसलेल्यांकडे सरकत गेल्याचं दिसतं.

तिचं मूळ बरंच जुनं आहे. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्येच मांडलं होतं, की एखादं मत दडपल्याने ते मांडणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान ते ऐकू न शकलेल्यांचं होतं. मत खरं असेल तर चूक सुधारायची संधी जाते. खोटं असेल तर आपलं खरं मत घासूनपुसून पाहायची संधी जाते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८६० मध्ये, बोस्टनमधली गुलामगिरीविरोधी सभा जमावाने उधळली. स्वतः गुलामीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस त्या सभेत होते. काही दिवसांतच त्याच शहरात भाषण करताना त्यांनी बजावलं, की भाषण बंद पाडणं हा दुहेरी अन्याय आहे. त्यात बोलणाऱ्याच्या हक्काबरोबर ऐकणाऱ्याचा हक्कही हिरावला जातो. सभा उधळली गेल्यावर केलेलं हे विधान आहे, म्हणून त्याला वजन आहे.

शंभर वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत वाद पेटला तो आधी बोलण्यावरून. विद्यापीठाच्या दाराशी विटांची एक अरुंद पट्टी होती. तिथे टेबलं मांडून विद्यार्थी पत्रकं वाटत, नागरी हक्कांच्या चळवळीसाठी वर्गणी गोळा करत. ही जागा शहराची, असा सगळ्यांचा समज होता. सप्टेंबर १९६४ मध्ये ती आपली असल्याचं विद्यापीठाच्या लक्षात आलं आणि टेबलं बंद झाली. १ ऑक्टोबरला जॅक वाइनबर्ग या कार्यकर्त्याला टेबलावरून उचलून पोलिसांच्या गाडीत बसवलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी गाडीभोवती फतकल मारली. गाडी बत्तीस तास जागची हलली नाही. तिच्या टपावर चढून एकामागून एक वक्ते बोलत राहिले. विद्यार्थी नेता मारिओ सॅव्हियो चढला तेव्हा टपाला पोचे येऊ नयेत म्हणून त्याने बूट काढून ठेवले. डिसेंबरमध्ये प्रशासकीय इमारतीत ठिय्या देणाऱ्या सुमारे आठशे जणांना अटक झाली आणि पाठोपाठ प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला. भाषणाच्या आशयावर विद्यापीठाने बंधन घालू नये. वेळ, जागा आणि पद्धत यांचे वाजवी नियम तेवढे करावेत. आज अनेक विद्यापीठांत हे तत्त्व गृहीत धरलं जातं, पण ते मिळवण्यासाठी पोरांनी कोठडी पाहिली आहे.

ऐकण्याचा हक्क स्वतःच्या पायावर उभा राहिला तो अर्नेस्ट मँडेल यांच्या प्रकरणात. बेल्जियमच्या या मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञाला १९६९ मध्ये स्टॅनफर्डसह अनेक अमेरिकी विद्यापीठांतून निमंत्रणं होती. सरकारने प्रवेश नाकारला आणि न्यूयॉर्कच्या सभेतलं त्यांचं भाषण अटलांटिकपलीकडून टेलिफोनवर ऐकवावं लागलं. परदेशी माणसाला अमेरिकेत येण्याचा घटनात्मक हक्क नव्हता. म्हणून अमेरिकी प्राध्यापकांनी दावा केला, तो त्यांना समोर बसवून ऐकण्याचा, त्यांच्याशी वाद घालण्याचा आपला हक्क डावलला म्हणून. भाषणाच्या ध्वनिफिती आणि पुस्तकं आहेत की, असा सरकारचा युक्तिवाद होता. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राध्यापकांविरुद्ध निकाल दिला, पण समोरासमोरच्या चर्चेची जागा पुस्तकं आणि टेलिफोन घेतात, हे म्हणणं मान्य केलं नाही. हरलेल्या खटल्यातून ही एक गोष्ट हाती लागली.

ब्रिटनमध्ये प्रवाह उलटा वाहिला, आणि त्यामागेही खरी कळकळ होती. नॅशनल फ्रंटसारख्या वंशवादी संघटना रस्त्यावर उतरल्या असताना १९७४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने वंशवाद्यांना व्यासपीठ नाकारण्याचा ठराव केला. ज्यांच्या कातडीचा रंग पाहून शिवीगाळ होते, त्यांनाच हा वाद शांतपणे ऐका असं सांगणं सोपं नाही. पण ठरावाने एक पायंडा पडला. आपले सहाध्यायी काय ऐकतील हे विद्यार्थी संघटना ठरवू लागल्या आणि ही यादी पुढे मूळ हेतूपलीकडे वाढत गेली. मंत्र्यांची भाषणं उधळली जाऊ लागली, तेव्हा १९८६च्या शिक्षण कायद्याने भाषणस्वातंत्र्य जपण्याचं कर्तव्य विद्यापीठांवर टाकलं. ते पुरेसं वाटलं नाही म्हणून २०२३ मध्ये आणखी एक कायदा आला. त्यातल्या मुख्य तरतुदी १ ऑगस्ट २०२५ पासून इंग्लंडमध्ये लागू झाल्या आहेत.

भारतात या हक्काला न्यायालयाचा आधार चित्रपट आणि क्रिकेटमुळे मिळाला. ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ या तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही. संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे. त्याच न्यायालयाच्या १९९५च्या क्रिकेट प्रक्षेपणाच्या निकालात माहिती मिळवण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्येच सामावलेला मानला गेला.

निकाल असे, आणि कॉलेजांतला अनुभव वेगळा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून न पटणारं ऐकायला जमण्याची सवय महाराष्ट्राला आहे. त्याच महाराष्ट्रात २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी ऐन शैक्षणिक वर्षात अभ्यासक्रमातून काढली. शिवसेना आणि मराठी माणसांविषयीच्या तिच्यातल्या उल्लेखांना शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेचा आक्षेप होता. कुलगुरूंनी तातडीचे अधिकार वापरले. आक्षेप घेणाऱ्यांना आपलं म्हणणं मांडण्याचा पूर्ण हक्क होता. वर्गात त्या परिच्छेदांवर कडाक्याचा वाद होऊ शकला असता, आणि मुंबईच्या मुलांइतका तो वाद घालायला लायक दुसरं कोण होतं? पुस्तकच गेल्यावर वादही गेला.

वर्षभराने दिल्ली विद्यापीठात ए. के. रामानुजन यांचा रामायणाच्या अनेक रूपांवरचा निबंध इतिहासाच्या अभ्यासक्रमातून वगळला गेला. तो तपासायला नेमलेल्या चार तज्ज्ञांपैकी तिघांनी तो ठेवावा असं म्हटलं होतं. चौथ्यांची शंका वेगळी होती: हा विषय वर्गात हाताळणं कॉलेजच्या शिक्षकांना पेलेल का? विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना काय झेपेल, हे त्यांना न विचारता ठरलं. त्यावर विद्यार्थी आणि शिक्षक निषेधासाठी आवारात उतरले.

मग माहितीपटांचे आणि चित्रपटांचे पडदे आले. १ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्लीच्या किरोडीमल कॉलेजात ‘मुजफ्फरनगर बाकी है’ हा माहितीपट अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडला. मे २०१६ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात ‘बुद्धा इन अ ट्रॅफिक जॅम’ या चित्रपटासाठी दिलेलं सभागृह रद्द झालं. डाव्या विद्यार्थ्यांनी दिग्दर्शक विवेक अग्निहोत्री यांची गाडी अडवली, काळे झेंडे दाखवले. तरी चित्रपट उघड्या मैदानावर दाखवला गेला. काळे झेंडे ही अभिव्यक्तीच आहे. गाडी अडवणं किंवा पडदा उतरवणं ही अभिव्यक्ती नाही, कारण तिथे समोर बसलेल्या तिऱ्हाइताचा निर्णय दुसराच कुणी घेतो. तो कोणत्या रंगाच्या झेंड्याखाली घेतला जातो, याने फरक पडत नाही.

२४ जानेवारी २०२३ ची जवाहरलाल नेहरू विद्यापीठातली रात्र या प्रवासाचा पुढचा टप्पा दाखवते. पंतप्रधानांवरचा बीबीसीचा माहितीपट समाजमाध्यमांवरून हटवण्याचे आदेश केंद्र सरकारने दिले होते. विद्यार्थी संघाने तो दाखवायचं ठरवलं. परवानगी नाही, शांतता बिघडेल, असं प्रशासनाने कळवलं. ऐन वेळी वीज गेली. विद्यार्थ्यांनी क्यूआर कोड वाटले आणि अंधारात बसून मोबाईलवर, लॅपटॉपवर माहितीपट पाहिला. चारच दिवसांनी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी प्रशासनाचा इशारा असतानाही तो लॅपटॉपवर पाहिला.

चॅपेल हिलच्या बंदीला निदान आशय थोपवण्याची उमेद होती. २०२३ मध्ये आशय प्रत्येकाच्या खिशात होता. आता बंदीने थांबतं ते एकत्र जमणं: एकाच पडद्याकडे पाहणं, दिवे लागल्यावर शेजारच्याचा चेहरा पाहणं, हात वर करून ‘मला हे पटलं नाही’ असं म्हणणं. मोबाईलवर एकट्याने पाहिलेल्या माहितीपटाला प्रश्न विचारता येत नाही. ज्याला तो खोटा वाटतो त्याचंही यात नुकसानच होतं, कारण खोडून काढायला त्याला श्रोतेच मिळत नाहीत. मँडेल यांच्या खटल्यात टेलिफोनबद्दल झालेला वाद पन्नास वर्षांनी असा नव्याने उभा राहिला आहे.

आज बहुतेक ठिकाणी पुढे केलं जाणारं कारण सुरक्षेचं असतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये बर्कलीतच एका उजव्या वक्त्याचा कार्यक्रम हिंसाचारामुळे रद्द करावा लागला. सप्टेंबरमध्ये तिथेच बेन शपिरो या दुसऱ्या उजव्या वक्त्याचं भाषण पार पडलं, पण बंदोबस्ताचा खर्च सुमारे सहा लाख डॉलर होता. एप्रिल २०२४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने पदवीदान समारंभातलं गुणवंत विद्यार्थिनीचं भाषण सुरक्षेचंच कारण देऊन रद्द केलं. पॅलेस्टाईनच्या बाजूने असलेली तिची मतं टीकेचा विषय झाली होती. दगड उचलण्याची तयारी दाखवली की कार्यक्रम रद्द होतो, हे एकदा कळलं की ते सगळ्याच बाजूंना कळतं. बंदोबस्तावर बर्कलीइतका खर्च भारतीय कॉलेजांना परवडणारा नाही, हे खरं. पण १९८९च्या निकालाने ही जबाबदारी कॉलेजवर टाकलेली नाही, सरकारवर टाकली आहे, आणि प्राचार्यांनी कार्यक्रम रद्द करण्याआधी संरक्षणाची लेखी मागणी करायला हवी.

विद्यार्थ्यांच्या हातातही बरंच काही आहे. चॅपेल हिलच्या मुलांनी नकार लेखी मिळवला आणि तोच कोर्टात नेला. पुढचा कार्यक्रम आखणाऱ्यांनी परवानगीच्या अर्जातच प्रश्नोत्तरांचा अर्धा तास लिहावा. विरोधी बाजूच्या एकाला आधीच बोलावून त्याला पहिला प्रश्न द्यावा. तोंडी नकार स्वीकारू नये. लेखी आलाच, तर कारण आणि सही दिसेल असा तो विभागाच्या फलकावर लावावा.