पॅनेल घेण्याआधी

दुकानदाराला फोन लावण्याआधी थोडं थांबू. सौर पॅनेल स्वतः निवडून आणायचं आणि स्वतःच्या हातांनी गच्चीवर बसवायचं, ही इच्छा फार चांगली आहे. तिला घाई तेवढी लावू नका. पॅनेलच्या कामगिरीची हमी साधारण 25 वर्षांची असते. इतकी वर्षं जे आपल्या डोक्यावर राहणार, त्याच्यासाठी थोडा निवांत वेळ काढू.

विजेचं बिल समोर घ्या. रुपयांचा आकडा हाताने झाका आणि फक्त युनिटं बघा. आता डोळे मिटून घरातला एक दिवस आठवा. पहाटे टाकीत पाणी चढवणारी मोटर. मिक्सर. मधूनच घरघरणारा फ्रिज. आणि पंखे, जे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. छताचा जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो. बारा तास फिरला की 0.9 युनिट. बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचा पंखा तेवढाच वारा तिसेक वॅटांत देतो. घरात असे तीन जुने पंखे असतील, तर ते बदलून रोजचं दीड युनिटाहून जास्त वाचतं. आपल्याकडे एक किलोवॅटची पॅनेल्स वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिटं देतात. म्हणजे पंखे बदलल्यावर जवळपास एक पॅनेल कमी लागतं. ही बचत आधी मनात मुरू द्या. मगच किती पॅनेल्स, हा प्रश्न विचारा.

आता गच्चीवर चला. मोजपट्टी नको, खडू न्या. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि सावल्या बघा: टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या नारळाची. सकाळी नऊ वाजता त्यांच्या कडा खडूने आखा, बाराला पुन्हा आखा, तीनला पुन्हा. जमलं तर हे डिसेंबरात करा, कारण तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. पुण्यात डिसेंबराच्या भर दुपारीही तो क्षितिजापासून 48 अंशांच्या आसपासच चढतो, आणि दीड मीटर उंच टाकीची सावली उत्तरेकडे सव्वा मीटरहून लांब पडते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तोच सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. उन्हाळ्यात मोकळी दिसलेली जागा हिवाळ्यात मोकळी असेलच असं नाही.

सावलीपाशी जरा रेंगाळू, कारण स्वतः पॅनेल बसवणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. पॅनेलमधले घट, म्हणजे सेल, एकामागे एक जोडलेले असतात आणि रांगेतला एकच प्रवाह सगळ्यांतून जातो. एक घट झाकला की तो वाहत्या पाटात आडव्या पडलेल्या दगडासारखा सगळ्यांना अडवतो. म्हणून पॅनेलचे तीन भाग पाडून प्रत्येकाला एक बायपास डायोड दिलेला असतो. अडलेला भाग वगळून प्रवाह पुढे जातो. पण जुन्या पद्धतीचं पॅनेल उभं ठेवलं आणि कठड्याची सावली खालच्या एकाच ओळीवर आडवी पडली, तर तिन्ही भागांतला एकेक घट झाकला जातो आणि जवळपास सगळंच बंद पडतं. घट अर्धे कापलेल्या नव्या पॅनेलमध्ये अशा वेळी वरचा अर्धा भाग चालू राहतो. आखलेल्या खडूच्या रेषा बघा आणि सांगा, तुमच्या गच्चीला कोणतं पॅनेल हवं? उत्तर तिथेच उमटलेलं असेल.

दुकानात गेलात की पॅनेल उलटं करायला सांगा. मागच्या लेबलावर बोट ठेवून सावकाश वाचा. 540 वॅट. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे: चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि घटांचं तापमान 25 अंश. विदर्भातल्या एप्रिलची दुपार आठवा. हवा 42 अंशांवर, घट सहज पासष्टीवर. तापमान एका अंशाने वाढलं की शक्ती साधारण 0.35 टक्क्याने घटते. चाळीस अंश जास्त, म्हणजे 14 टक्के कमी. त्या 540 चे 465 झाले, तर पॅनेल बिघडलेलं नाही.

त्याखाली खुल्या टोकांचा व्होल्टेज असतो, समजा 49.5. पॅनेलच्या विजेने बॅटरी भरणारा तुमचा चार्ज कंट्रोलर, समजा, 150 व्होल्टपर्यंतचा आहे. तीन पॅनेल्स एकामागे एक जोडली की 148.5. कागदावर बसलं. आता निफाडची जानेवारीतली पहाट मनात आणा. घट 10 अंशांवर आहेत. थंडीत व्होल्टेज वाढतो, अंशाला साधारण 0.27 टक्का. पंधरा अंशांचे चार टक्के धरले तर तिन्हींचे मिळून 154 च्या वर. सूर्य वर येताच कंट्रोलर जळू शकतो. हे गणित दुकानदार तुमच्यासाठी करत नाही. ते तुम्हीच करायचं, आपल्या गावातल्या सगळ्यात थंड सकाळसाठी.

पैशांचं एकदाच बोलून टाकू. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. पण त्यासाठी नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच बसवून घ्यावं लागतं आणि घट भारतात बनलेले लागतात. स्वतः बसवणाऱ्याने अनुदानावर पाणी सोडलेलं आहे. हे मान्य असेल तरच पुढे चला.

एक माणूस मात्र डोळ्यांसमोर आणाच. वादळात लाइट गेली आहे, वायरमन खांबावर चढला आहे, त्याला वाटतं तार मेलेली आहे. तुमच्या गच्चीवरून त्या तारेत वीज शिरली तर? म्हणून स्वतःच्या हातचं काम पॅनेल, कंट्रोलर आणि बॅटरी इथपर्यंतच ठेवा. महावितरणच्या तारेशी घर जोडायचं ते परवानगीने आणि परवानाधारकाकडूनच. यात तडजोड नाही.

पॅनेलमधून येणाऱ्या डीसी विजेचाही मान राखा. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला तिला संधी मिळते. डीसीत ती संधी नाही; चालू भारावर जोडणी उपटली की ठिणगी ताणत जाते आणि पेट घेते. आणि ऊन असेपर्यंत पॅनेलला बटण नसतं. खरेदीच्या यादीत डीसी आयसोलेटर, म्हणजे जोडणी तोडणारा स्विच, आणि फ्यूज पॅनेलच्या आधी लिहा.

वाऱ्याचंही मनात धरा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचं वारं होतं. अडीच चौरस मीटरच्या पॅनेलवर असं वारं दीडशे किलोच्या घरात जोर लावू शकतं. पॅनेलचं स्वतःचं वजन अठ्ठावीस किलो. स्टँडवर काटकसर करू नका.

मग एके दिवशी टेम्पो दारात येईल. पॅनेल दोघांनी उचला, चौकट धरून. मागच्या डबीला किंवा वायरींना धरून नाही. त्यावर गुडघा टेकवू नका, घटांना गेलेले बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत. उन्हाकडे तोंड करून ठेवा, मल्टीमीटर डीसी 200 वर लावा, दोन्ही टोकं टेकवा. आकडा लेबलाहून थोडा कमी येईल. ऊन तापलं आहे, तो तसाच यायला हवा. करंट मात्र 10 अँपिअरच्या साध्या मीटरने मोजू नका, हे पॅनेल जवळजवळ 14 देतं. काचेला चरा नाही, मागे ओरखडा नाही, व्होल्टेज जुळला, तर अनुक्रमांक वहीत उतरवा आणि मगच चलनावर सही करा.