उस्तादाचा हक्क

उस्ताद हयात असताना त्याचा अदब कसा राखावा, हे आपल्याकडे फार लहानपणी शिकवले जाते. मकतबात चटईवर बसणाऱ्या मुलालाही ते ठाऊक असते. उस्तादांच्या आवाजावर आवाज चढवू नये, ते उभे असताना आपण बसू नये, त्यांच्यापुढे चालू नये. परंतु उस्ताद या जगातून गेल्यावर शागिर्दाकडे त्याचे काय देणे उरते, हा प्रश्न आपण सहसा स्वतःला विचारत नाही. फातेहा पढली जाते, शोकसभा होते, भिंतीवर तसबीर लागते, आणि हिशेब चुकता झाला असे आपण समजतो.

आम्ही हा प्रश्न जरा अरुंद करून विचारू इच्छितो. तो उस्ताद कायदा शिकवणारा असेल, तर त्याचे स्मरण कसे करावे? हा वेगळा प्रश्न का, असे कोणी म्हणेल. वेगळा एवढ्यासाठी, की कायद्याचा शिक्षक पाढे शिकवत नाही. तो हुज्जत शिकवतो. एकच दस्तऐवज दोन्ही बाजूंनी वाचायला, साक्षीदाराच्या शब्दावर शंका घ्यायला, मोठ्या न्यायाधीशाच्या निकालातही चूक शोधायला तो शिकवतो. ज्याने आयुष्यभर प्रश्न विचारायला शिकवले, त्याच्या नावापुढे केवळ मान डोलावणे हा त्याचा सन्मान होईल काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे आणि ते बरेच जुने आहे. फिकहच्या भाषेत 'मजहब' म्हणजे कायद्याची विचारशाळा. आपल्या भागातील बहुतेक मुसलमान ज्या हनफी शाळेचे अनुयायी आहेत, ती इमाम अबू हनीफा (र.) यांच्या नावाने ओळखली जाते. हिजरी १५० मध्ये, म्हणजे इसवी सन ७६७ मध्ये, बगदाद येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे उस्ताद हम्माद. इमामसाहेब प्रत्येक नमाजनंतर आईवडिलांबरोबर हम्माद यांच्यासाठीही दुआ मागत आणि त्यांच्या घराच्या दिशेने कधी पाय पसरत नसत, असे सांगितले जाते. अदबची ही बाजू आपल्या वाअजमध्ये नेहमी ऐकू येते.

दुसरी बाजू मात्र क्वचितच ऐकू येते. इमामसाहेबांचे दोन थोर शागिर्द, अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी, अनेक मसाइलमध्ये आपल्या उस्तादाशी सहमत नव्हते. त्यांनी आपली मते लपवली नाहीत. उस्तादाचे मत लिहिले आणि त्याच्या शेजारी आपले वेगळे मतही लिहिले. वक्फचेच उदाहरण घ्या. इमामसाहेबांच्या मते वक्फ करणाऱ्याची मालकी तेवढ्याने संपत नाही. काझीचा निर्णय होईपर्यंत तो सामान्यतः आपला शब्द मागे घेऊ शकतो. अबू यूसुफ म्हणाले, एकदा जाहीर केले की मालमत्ता मालकाच्या हातून गेली. इमाम मुहम्मद म्हणाले, ती मुतवल्लीच्या ताब्यात दिली पाहिजे. पुढे भारतातील न्यायालयांनी बहुधा अबू यूसुफ यांचेच मत धरले. आपल्या वाडवडिलांनी मशिदीच्या दिवाबत्तीसाठी लावून दिलेली दुकाने आणि शेते पिढ्यान्‌पिढ्या वक्फ म्हणून टिकली, त्यामागे एका शागिर्दाने उस्तादाशी केलेला मतभेद आहे.

मतभेद केवळ ग्रंथातला नव्हता. खलिफा मन्सूरने देऊ केलेले काझीपद इमामसाहेबांनी नाकारले आणि त्यासाठी कैद सोसली. अबू यूसुफ यांनी मात्र पुढे काझीपद स्वीकारले आणि हारून रशीदच्या काळात ते सर्व काझींचे प्रमुख झाले. उस्तादाने जे दार बंद केले, त्याच दारातून शागिर्द आत गेला. तरीही अबू यूसुफ यांना कोणी नाशुक्रा म्हटले नाही. त्यांनी मिळालेल्या जागेवरून उस्तादाचा इल्म जगभर पोहोचवला. शाळेला नाव उस्तादाचेच राहिले, आणि तीत शागिर्दांची मतेही जिवंत राहिली. कायद्याच्या शिक्षकाचे स्मरण कसे करावे, याचा यापेक्षा चांगला नमुना आम्हाला दुसरा दिसत नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पवनीहून नागपूर काही फार दूर नाही. आपल्या तालुक्यातील ज्या मुलांना वकील व्हायचे असते, त्यांतली पुष्कळ मुले नागपूरची वाट धरतात. नागपूर विद्यापीठाच्या ज्या विधी महाविद्यालयाला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, तेथे १९३५ ते १९४३ या काळात एक तरुण बॅरिस्टर शिकवत होते. त्यांचे नाव मोहम्मद हिदायतुल्लाह. रायपूरच्या शाळेत शिकलेले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून केंब्रिजला गेलेले. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, १९६८ ते १९७० भारताचे सरन्यायाधीश होते, १९७९ ते १९८४ उपराष्ट्रपती होते. विद्यापीठाच्या विधी शाखेचे अधिष्ठातापदही त्यांनी सांभाळले. २००३ मध्ये रायपूर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

आपल्या सभांमधून त्यांचे नाव घेतले जाते ते 'आपले पहिले मुस्लिम सरन्यायाधीश' म्हणून. ते खरेच आहे, आणि त्याचा अभिमान वाटणेही स्वाभाविक आहे. परंतु त्यांच्या वर्गात बसलेली मुले कोण होती? त्यांत बहुसंख्य हिंदू असणार, हे सांगायला नोंदवही लागत नाही. शिक्षक म्हणून हिदायतुल्लाह त्या सर्वांचे होते. आपण त्यांना केवळ 'आपला माणूस' म्हणतो तेव्हा आपण त्यांना मोठे करत नाही, लहान करतो. पदाची यादी लक्षात राहते आणि वर्गातली आठ वर्षे विसरली जातात. पद त्यांना एकट्याला मिळाले होते. त्या आठ वर्षांत जे दिले गेले, ते अनेकांच्या हाती पोहोचले.

ज्या १९३५ साली हिदायतुल्लाह नागपुरात शिकवू लागले, त्याच साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून डॉ. आंबेडकर आले. १८५५ पासून चालत आलेल्या या महाविद्यालयाचे ते १९३८ पर्यंत प्राचार्य होते. त्यांच्यानंतर ते पद आसफ अली असगर फैजी यांच्याकडे आले आणि १९४७ पर्यंत राहिले. एका बहिष्कृत समाजातून आलेला प्राचार्य, आणि त्याच्या खुर्चीवर नंतर बसलेला एक सुलेमानी बोहरा. ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी, परंतु ती आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही आणि आपल्या जलशांतही नाही.

फैजीसाहेबांचे नाव आपल्याकडे का घेतले जात नाही, याचा विचार केला पाहिजे. १८९९ मध्ये माथेरान येथे जन्मलेल्या या विद्वानाने १९४९ मध्ये मुस्लिम कायद्यावर जे पुस्तक लिहिले, ते आजही विधी महाविद्यालयांत वाचले जाते. ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते, काश्मीरमध्ये कुलगुरू होते. इस्माइली पंथाच्या दुर्मीळ हस्तलिखितांचा आपला संग्रह त्यांनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकला. परंतु १९६३ मध्ये त्यांनी इस्लामकडे आधुनिक दृष्टीने पाहणारे पुस्तक लिहिले आणि धर्म वेगळा, कायदा वेगळा, असा फरक करावा असे मांडले. हे मत अनेकांना मान्य झाले नाही. आजही आपल्यातील कितीतरी जाणत्या माणसांना ते मान्य नाही. त्यांना ते नाकारण्याचा पूर्ण हक्क आहे.

परंतु नाकारणे वेगळे आणि विसरणे वेगळे. मत पटले नाही म्हणून माणसाचे नावच घ्यायचे नाही, ही रीत अबू यूसुफ यांची नव्हे. ज्याच्याशी मतभेद आहे त्याचे म्हणणे आधी नीट लिहून घ्यावे लागते, मगच आपले म्हणणे त्याच्या शेजारी ठेवता येते. फैजीसाहेबांचे पुस्तक न उघडताच त्यांना डोक्यावर घेणारे आणि न उघडताच त्यांना झिडकारणारे, या दोघांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोघांनीही उस्तादाचा हक्क बुडवला आहे.

त्यांचे स्मरण खऱ्या अर्थाने कोणी केले? दहाव्या शतकातील फातिमी कायदेपंडित काझी नोमान यांच्या अरबी ग्रंथाचे संपादन फैजीसाहेबांनी केले होते आणि इंग्रजी भाषांतर हाती घेतले होते. १९८१ मध्ये ते वारले तेव्हा हे भाषांतर छापून झालेले नव्हते. इस्माइल पूनावाला या अभ्यासकाने ते तपासले, दुरुस्त केले, पूर्ण केले आणि २००२ व २००४ मध्ये दोन खंडांत ते प्रसिद्ध झाले. फैजीसाहेबांच्या मुस्लिम कायद्यावरील पुस्तकाची पाचवी आवृत्ती ताहिर महमूद यांनी संपादित करून २००८ मध्ये आणली. पुतळा उभारला नाही, चौकाला नाव दिले नाही. अपुरे काम पुरे केले आणि जुने झालेले पान सुधारले. दुरुस्ती करणे म्हणजे अनादर, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन कामांकडे पाहावे.

येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. उस्ताद आपल्या धर्माचा नसेल तर त्याचा हक्क कमी होतो काय? ज्या पुस्तकाचा हवाला देऊन कोर्टात आपल्या वारसाहक्काचे आणि मेहरचे वाद चालतात, त्याचे लेखक मुल्ला. नाव ऐकून कितीजण त्यांना मौलवी समजतात! दिनशा फरदुनजी मुल्ला पारशी होते. मुंबईचे वकील, पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले, १९३४ मध्ये वारले. आपल्या बहिणीला बापाच्या शेतात किती हिस्सा मिळावा, हे एका पारशी माणसाने इतक्या नेटकेपणाने मांडून ठेवले. त्या पानावरून एखाद्या बहिणीला तिचा हक्क मिळाला असेल, तर कृतज्ञतेच्या वहीत धर्माचा रकाना कशासाठी?

आणि शिक्षकाचे काम वर्गाच्या भिंतीत संपत नाही, हे सांगणारी घटना तर आपल्याच नदीच्या काठी घडली आहे. पवनीवरून वाहत जाणारी वैनगंगा खाली देसाईगंजला जाते. तेथील पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना निर्दोष सोडले, कारण मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही ती चार नावे. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, एवढीच त्यांची हुज्जत होती. त्या पत्राने देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला.

त्याच दुरुस्तीने अशा पीडितेचे नाव जाहीर करण्यास बंदी आली आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. म्हणून त्या मुलीचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. चार शिक्षकांची नावे लिहायची आणि तिचे लिहायचे नाही, हा त्या चौघांचाच धडा आहे. वसुधाताई २०१४ मध्ये गेल्या, लतिकाताई त्याच्या आदल्या वर्षी. वैनगंगेच्या काठावरील किती शाळांमधून त्यांच्यासाठी दोन मिनिटे उभे राहिले गेले असेल?

पैगंबरसाहेबांची (स.) शिकवण आपण जाणतो, की माणूस मेल्यावर त्याच्या अमलची वही बंद होते, परंतु तीन गोष्टींनी ती चालू राहते: वाहता सदका, लोकांच्या उपयोगी पडणारा इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद. यांतला इल्म उस्तादाने ठेवून जायचा असतो. तो उपयोगी पडत राहील की कपाटात सडेल, हे शागिर्दांच्या हाती असते. म्हणजे उस्तादाच्या वहीत सवाब लिहिला जाणे थोडेफार आपल्यावर अवलंबून आहे. ही मोठी अमानत आहे. शाल आणि नारळ देऊन ती फिटत नाही.

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्या साध्या माणसांची नावे कोरलेली आढळली. कोणी एक खांब दिला, त्याचे नाव त्या खांबावर. कायद्याच्या इमारतीतही असेच असते. हिदायतुल्लाह, फैजी, आंबेडकर यांची नावे मोठ्या अक्षरांत राहतील. परंतु जिल्ह्याच्या गावी, सकाळच्या वर्गात, दिवसभर कोर्टात उभे राहण्याआधी मुलांना पुराव्याचा कायदा समजावून देणारे जे शिक्षक होते आणि आहेत, त्यांचा एक एक दगड कोणी मोजायचा? गोसीखुर्द धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचे वाढीव मोबदल्याचे अर्ज ज्या वकिलांनी लिहिले, त्यांनाही कोणीतरी भूसंपादनाचा कायदा शिकवला होता.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच आहे. आपल्या गावात, आपल्या अंजुमनमध्ये, आपल्या शाळेच्या शिक्षकदिनी अशा एखाद्या कायद्याच्या उस्तादाचे नाव घ्यावे. त्याच्या लिखाणातले एक पान मराठीत किंवा उर्दूत समजावून सांगावे. मग एखाद्या मुलाला, आणि विशेषतः एखाद्या मुलीला, उभे करून विचारावे: यात तुला काय पटत नाही, आणि का? ती जे सांगेल ते लिहून ठेवावे, उस्तादाच्या म्हणण्याच्या शेजारी. शेवटी सर्वांनी मिळून दुआ करावी.