उन्हाची वाटणी

उत्तर ग्रीसमधल्या ऑलिंथसच्या घरांचे आराखडे बघताना माझी नजर पुन्हा पुन्हा अंगणावर जाते. इ.स.पू. ४३२ मध्ये आसपासच्या किनाऱ्यावरची माणसे इथे राहायला आली. उत्तरेकडच्या टेकडीवर त्यांच्यासाठी नवी वस्ती आखली गेली. सरळ रस्ते, आणि एकेका पट्ट्यात दहा घरे, पाच-पाचच्या दोन रांगांत. घर साधारण १७ मीटर लांब, तेवढेच रुंद.

एका रांगेची दारे उत्तरेच्या रस्त्यावर, दुसरीची दक्षिणेच्या. अंगण मात्र दोन्हीकडे बहुधा दक्षिणेच्याच अंगाला. अंगणाच्या उत्तरेला ओसरी, तिच्यामागे राहत्या खोल्या. दार कुठे, ते रस्ता ठरवतो. घराचे तोंड कुठे, ते सूर्य.

हिवाळ्यात ऊन तिरपे होऊन ओसरीत खोलवर येते. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असतो, तेव्हा छप्पर सावली धरते. चांगल्या घराबद्दल सॉक्रेटिस हेच सांगत असे, असे झेनोफोनने लिहून ठेवले आहे.

मी रेंगाळतो तो मागच्या, म्हणजे उत्तरेकडच्या रांगेपाशी. तिच्या अंगणांसमोर पुढच्या घरांची पाठ येते. मधे फक्त एक अरुंद बोळ, छपरांवरचे पावसाचे पाणी वाहून जायला. हिवाळ्यात पुढच्या घराची सावली मागे पडणारच. ती आधी पडते अंगणात. खोल्या अंगणापलीकडे, मागे सरलेल्या. शेजाऱ्याच्या सावलीला जागा ठेवूनच आपले घर बांधायचे, हे त्या आखणीत किती सहज बसले आहे!

आत मात्र घर ज्याचे त्याचे. कुठे गारगोट्यांची चित्रे जडवलेली जमीन, कुठे साधी माती. इ.स.पू. ३४८ मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने नगर उद्ध्वस्त केले. त्याचे नाव कोरलेल्या शिशाच्या गोफणगोळ्या तिथे सापडल्या आहेत. लोक गेले, पुष्कळ सामान जागच्या जागी राहिले. मागाच्या ताण्याला बांधायची मातीची वजनेही राहिली. विणायचे तर धागा नीट दिसायला हवा. माग लावणाऱ्या बाईला पुढच्या घराची सावली कोणत्या महिन्यात कुठवर येते, ते पाठ असणार. थंडीत ती आपला माग थोडा सरकवत असेल.