तिला कुणी विचारलं होतं?

लोकमान्य टिळक नारायण पेठेतल्या वाड्यात, आजच्या केसरीवाड्यात, राहायला आले 1905 साली. त्याच्या बरंच आधी, 1880च्या दशकात, पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं तेव्हा त्यातल्या अभ्यासक्रमावर त्यांच्या ‘मराठा’ या वृत्तपत्राने कडक टीका केली होती. रानडे-भांडारकरांची ती शाळा म्हणजे हुजूरपागा. केसरीवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ती आजही भरते. मुलींना घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढंच शिकवावं, यात मुलींचं हित आहे असं टिळकांना मनापासून वाटत होतं. मला तो वाद महत्त्वाचा वाटतो तो या मनापासूनपणामुळेच. दुसऱ्याच्या भल्याचा निर्णय परस्पर घेणारी माणसं बहुधा दुष्ट नसतात.

असाच परस्पर निर्णय खाणकामातही झाला होता. नागपूरच्या डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा या खाण अभियांत्रिकीची पदवी मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या स्त्री. साल 1999. हुजूरपागेला तोवर शंभराहून अधिक वर्षं झाली होती, तरी या मुलीला खाणकाम शिकण्यासाठी न्यायालयात जावं लागलं. कायदा तिला खाणीत उतरूच देणार नाही, मग तिला जागा द्यायची कशाला, असा सरळ हिशेब होता. पुढे त्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झाल्या.

तो कायदा म्हणजे 1952चा खाण कायदा, कलम 46. स्त्रीला भूमिगत खाणीत काम नव्हतं. जमिनीवर काम, तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सात. हेतू संरक्षणाचा.

मात्र बायकांना खाणी नवख्या नव्हत्या. झरिया-राणीगंजच्या कोळसा खाणींत नवरा कोळसा फोडायचा आणि बायको टोपल्या भरून वाहायची. ते काम जिवावरचं होतं, त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. 1929च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने वर काढायला सुरुवात झाली. मग महायुद्ध आलं, कोळसा कमी पडू लागला आणि 1943 मध्ये बंदी उठली. 1946 मध्ये ती परत आली. खाण तीच, छत कोसळण्याची भीती तीच. या तीन वर्षांत फक्त सरकारची गरज बदलली होती. बायकांना खाली पाठवताना कुणी त्यांचं मत घेतलं नाही आणि वर काढताना त्यांची बुडालेली मजुरी कुणी भरून दिली नाही.

या बंदीचा एक परिणाम बाहेरून दिसत नाही. खाणीचा व्यवस्थापक व्हायचं तर धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा देऊन सक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. त्यासाठी खाणीतला अनुभव लागतो. भूमिगत खाणीत उतरायलाच बंदी, म्हणजे अनुभव नाही, प्रमाणपत्र नाही आणि तिथला अधिकारही नाही. मोठ्या पदावर बायका का दिसत नाहीत, याचं उत्तर आपण त्यांच्या आवडीनिवडीत शोधत बसलो. ते एका कलमात होतं.

29 जानेवारी 2019च्या अधिसूचनेने सूट दिली. 2021 मध्ये झारखंडच्या आकांक्षा कुमारी कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत काम करणाऱ्या पहिल्या महिला खाण अभियंता झाल्या. त्याच वर्षी सोमा मंडल ‘सेल’च्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि 2023 मध्ये प्रिया अगरवाल हेब्बर हिंदुस्तान झिंकच्या अध्यक्षपदी आल्या. अगरवाल यांच्याकडे ते पद घरच्या उद्योगातून आलं. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल मला शंका नाही. पण संचालक मंडळाच्या दालनात जाताना कलम 46 कधीच आडवं येत नव्हतं. म्हणून अध्यक्षांच्या छायाचित्रापेक्षा पहिल्या पाळीला कॅप लॅम्प लावून उतरणारी तरुण अभियंता मला अधिक मोठी बातमी वाटते.

तरीही मन पूर्ण निवत नाही. 2019ची भूमिगत कामाची सूट तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांपुरती होती. अभियंता खाली जाऊ शकत होती, मजूर बाई नाही. टोपली वाहणाऱ्या त्या बायकांच्या नातींपर्यंत ते दार तेव्हा आलंच नाही. 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने पुढचं पाऊल टाकलं: स्त्रीला सर्व प्रकारच्या कामांचा हक्क, रात्रीच्या कामासाठी तिची संमती, आणि धोक्याच्या कामात मालकाने आधी सुरक्षेची सोय करायची. हा क्रम मला योग्य वाटतो. छताला नीट आधार, मोकळी हवा, स्वच्छतागृह आणि घरी पोचवणारी गाडी यांची गरज पुरुषालाही असते.

आता संमतीचं काय, ते पाहायचं आहे. कंत्राटावरची बाई रात्रपाळीला ‘नाही’ म्हणाली, तर दुसऱ्या दिवशी तिची हजेरी लागेल का? नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज पट्ट्यात, चंद्रपूरच्या कोळसा खाणींत हा प्रश्न कागदावरचा नाही. ज्या स्त्रिया आज या उद्योगात वरच्या खुर्चीवर पोचल्या आहेत, त्यांनी तो आपल्या कंत्राटदारांना विचारावा, आणि उत्तर त्या मजूर बाईच्या तोंडून ऐकावं.